सत्तर टक्के वेगातली काकू

३ फेब्रुवारी

…आणि मुळात मी चिडले नव्हतेच. मी एवढंच म्हटलं की चित्रांचा तक्ता म्हणजे माणसाला गप्प बसवायची सभ्य पद्धत आहे. त्यावर बाबा म्हणाले, "थेरपिस्टपेक्षा तुला जास्त कळतं का?" आणि आई म्हणाली, "शेजारी ऐकतायत." संपला विषय. आमच्या घरात वाद असाच संपतो, शेजाऱ्यांवर.

तर तक्ता. जाड पुठ्ठा, त्यावर सोळा चित्रं. ग्लास, पलंग, संडास, गोळी, टीव्ही, एक हसरा चेहरा, एक रडका. काकाला जे हवं असेल त्यावर त्याने बोट ठेवायचं. नोव्हेंबरमध्ये त्याला स्ट्रोक आला. उजवा हात जरा मंद झाला आणि शब्द गेले. कळतं सगळं. काकूने डब्याला चुकीचं झाकण लावलं तर काढून बरोबर लावतो. पण बोलायला गेला की दोनच शब्द बाहेर येतात, "ते" आणि "छे". बत्तीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होता हा माणूस. बंद दाराआडून पंख्याचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणायचा. त्याला आता ग्लासाच्या चित्रावर बोट ठेव म्हणायचं?

त्याने काय केलं सांगू? तक्ता उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

थेरपिस्ट मॅडमनी वीस वाक्यांची यादी दिलीय. "मला पाणी दे", "पंखा बंद कर", "मला बरं वाटत नाहीये" अशी. अठरा मार्चला तपासणी. वीसपैकी दहा आली तर शब्दांचा सराव पुढे चालू. नाही आली तर तक्ताच, आणि त्याचीच सवय करायची. दीड महिना आहे. दहा वाक्यं. कॉलेजात एका आठवड्यात अख्खा पेपर तयार केलाय मी. होईल.

४ फेब्रुवारी

प्लॅन तयार आहे! मॅडम म्हणाल्या होत्या की ओळखीच्या माणसाचं तोंड जवळून आणि सावकाश हलताना दिसलं तर त्याच्याबरोबर बोलायला सोपं जातं. अडचण अशी की घरची माणसं मुद्दाम सावकाश बोलायला लागली की कुक्कुल्या बाळाशी बोलल्यासारखी बोलतात, आणि काका तोंड फिरवतो. मग मी म्हटलं, काकूने तिच्या नेहमीच्या वेगाने बोलायचं, मी तोंडाचा क्लोजअप घेणार आणि व्हिडिओ सावकाश करणार. सत्तर टक्के वेग. सिम्पल.

काकूचा वेग हाही एक विषयच आहे. "पंखाबंदकर" हा तिचा एकच शब्द आहे.

दुपारी शूट केलं, संध्याकाळी स्लो केलं, काकाला दाखवलं. टीव्हीवर काकूचं तोंड आणि आतून निघाला एक रेडा. सर्दी झालेला. "पंऽऽखाऽऽ बंऽऽद कऽऽर." काका आधी दचकला, मग इतका हसला की खोकला लागला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो माझा आवाज आहे? चाळीस वर्षं हे ऐकलंय का तुम्ही?"

वेग कमी केला की पट्टीही खाली येते हे मला माहीत होतं. म्हणजे वाचलं होतं. ऐकल्यावर जास्त कळलं.

७ फेब्रुवारी

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं: वेग बदला पण पट्टी तीच ठेवा. तीन दिवस मी उगाच ते शोधत नव्हते. बटण दाबलं, रेडा गेला, काकू परत आली. मी स्वतःवर खूश.

काकाने दोन वाक्यं ऐकली. म्हणाला, "छे." मग उठला, ग्लासातलं पाणी तोंडात घेतलं, मान वर केली आणि गुळण्या करत "पंऽखाऽऽ" असा आवाज काढला.

काकू म्हणाली, "अहो, शर्टावर सांडतंय!"

मी पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून. खरंच आहे. काकू विहिरीच्या तळाशी बसून बोलतेय असं वाटतं. ते बटण आवाजाचे बारीक तुकडे करतं आणि एकेक तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवून लांबी वाढवतं. जोड ऐकू येतात. मला आले नव्हते. त्याला आले.

बरं. मग सगळं हाताने.

९ फेब्रुवारी

हाताने म्हणजे असं. आधी आवाज आणि चित्र दोन्ही सरळ सावकाश करायचं, रेडा होऊ द्यायचा. मग फक्त आवाज घेऊन त्याची पट्टी वर उचलायची, चांगल्या सॉफ्टवेअरने, जे याच कामासाठी आहे. वेग तीस टक्के कमी केलाय, म्हणून पट्टी तीस टक्के वर. आवाज खणखणीत आला. गुळण्या नाहीत, विहीर नाही.

काकाने डोळे मिटून ऐकलं. मग डावा हात गादीच्या दिशेने दाबत म्हणाला, "खा… खाली."

मी म्हटलं, काका, बरोबर आहे, मी मोजलंय.

"खाली."

पट्टी खाली आहे म्हणे! जे वाक्य शिकवतेय ते राहिलं बाजूला. यादीतली वाक्यं आजपर्यंत: शून्य.

१० फेब्रुवारी

आज पुन्हा "खाली". चौदा वेळा. मी मोजलं. मॅडमनी सांगितलंच होतं, कधीकधी पेशंट एखाद्या शब्दावर अडकून बसतो, मनावर घेऊ नका, विषय बदला. मी विषय बदलला. म्हटलं, काका, बाहेर ऊन छान आहे ना?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझाच आवाज खाली गेला.

१३ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटतेय, पण डायरीत खोटं लिहायचं तर डायरी कशाला.

सकाळी गेले तर काका टेबलाचा खालचा ड्रॉवर उपसत होता. सगळी जमीन वायर, पिना, जुन्या चकत्यांनी भरलेली. काकू दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आवरायचं कोणी आता? सांगा! बोला!" आणि मग एकदम गप्प झाली, कारण "बोला" म्हणून गेली होती.

काकाला पाहिजे ते सापडलं. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन दातांचा स्टीलचा चिमटा. गुडघ्यावर मारला, टेबलावर टेकवला. टुंऽऽऽ. चारशे चाळीस. म्हणजे सेकंदाला चारशे चाळीस कंपनं, कुठेही, कधीही, कोणीही वाजवा. मग माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी. ते. आधी."

मला आठवलं. त्याच्या स्टुडिओत प्रत्येक टेपच्या सुरुवातीला एक सूर भरून ठेवायचे. टेप कुठल्याही मशीनवर लागली, मशीन हळू चालो की जोरात, तो सूर ऐकून वेग बरोबर लावता यायचा. लहानपणी मला वाटायचं ती टेपची शिट्टी आहे.

मग काकूच्या वाक्याआधी फोर्क वाजवून रेकॉर्ड केलं. सत्तर टक्के वेग, तीस टक्के पट्टी वर. आणि सूर मोजला.

चारशे.

चारशे चाळीस नाही. चारशे!

कारण अगदी पाचवीच्या गणितातलं आहे. दहा मीटर दोरी तीस टक्के कापली की सात राहते. सातमध्ये तीस टक्के घाला, नऊच्या वर जरा. दहा होत नाही. सातची दहा करायला जवळजवळ त्रेचाळीस टक्के लागतात. बारावीला गणितात शहाण्णव होते मला. शहाण्णव म्हणजे नाइन्टी सिक्सच ना? बघा, मराठी आकड्यांचंही हेच.

दीड पट्टीपेक्षा जास्त खाली होती काकू. पाच दिवस तो मला तेच सांगत होता आणि मी त्याला ऊन दाखवत होते.

बरोबर आकडा: की-बोर्डवरच्या सहा पट्ट्या वर, आणि सातव्या पट्टीच्या वाटेवर शंभरातले सतरा भाग. हा सतरा मी भिंतीवर लिहून लावलाय.

१४ फेब्रुवारी

सूर मोजला. चारशे चाळीस. काकाने ऐकलं आणि फक्त "हं" म्हणाला. पण कसलं "हं" होतं ते! स्टुडिओत मोठमोठे गवई म्हणे त्या "हं"साठी काचेपलीकडे ताटकळत उभे राहायचे. काकू तर म्हणाली, "माझ्या वाट्याला एवढं मोठं कधी आलं नाही."

वाक्यं: शून्य. पण आता पाया पक्का.

१७ फेब्रुवारी

पाया पक्का वगैरे काही नाही. आजची तक्रार नवीन. "प… प… फुटतोय." मग स्वतःच्या ओठांवर बोट. "प फुटतोय. ब पण."

पुन्हा हेडफोन. हो. "पाणी"मधला प हा नुसता एक फटका असतो, ओठ उघडले की झालं. तो सावकाश केला की फटक्याचा फुसका बार होतो. पट्टी बरोबर असूनही. म्हणजे वेग सगळ्यांचा सारखा कमी करून चालतच नाही!

मी विचारलं, मग काय करू?

त्याने डाव्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली. "काप." मग दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लांब ओढलं. "आ. आ ताण. प नको. प… तसाच."

ही कल्पना भारी आहे. प, ब, ट, क मूळ वेगाने ठेवायचे आणि फक्त मधले स्वर ताणायचे. पण चित्राचं काय? काकूचे ओठ त्याच हिशोबाने कधी भरभर, कधी सावकाश हलायला हवेत, नाहीतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. एका वाक्यात नऊ ठिकाणी कापायचं, वीस वाक्यं, एकशे ऐंशी काप.

करणार. मला कोणी नाही म्हणून सांगूच नका.

२१ फेब्रुवारी

रोज कॉलेज सुटलं की काकाकडे. लॅपटॉप त्याच्या मांडीसमोर, मी बाजूला. कुठे कापायचं ते मी वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख, बघून ठरवते, तो न बघता. मी म्हणते इथे. तो म्हणतो "मागे." मी जरा मागे. "अजून." अजून मागे. "छे, गेलं. पुढे. केसभर." केसभर म्हणजे किती हे सॉफ्टवेअरला कसं सांगायचं?

काल मी म्हटलं, काका, टेपच्या काळात तू हे कसं करायचास? त्याने एक लांबलचक गोष्ट सांगायला घेतली. "ब्लेड… टेप… ते… तिरकं. सरळ नाही. तिरकं कापायचं. मग… चिकट… आणि एकदा… उलटं! उलटं चिकटवलं. बाई उलटी गायली." आणि हसत सुटला. काकू म्हणाली, "ती होय! तिने मग डोकं खाल्लं होतं यांचं." दोघं हसत बसले आणि माझा पाऊण तास गेला. दोन वाक्यंसुद्धा कापून झाली नाहीत. असं केलं तर कसं होणार?

२२ फेब्रुवारी

काकूला पुन्हा रेकॉर्ड करायला बसवलं, कारण पहिल्या वेळी मागे मिक्सर चालू होता. काका खुर्चीत बसून डायरेक्टर. "ओठ. ओठ दिसू दे." काकू म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओठांकडे लक्ष गेलंय यांचं." मी म्हटलं, काकू, प्लीज, टेक चालू आहे.

अठराव्या वाक्यावर अडलं. "मला बरं वाटत नाहीये." काकूने कागद खाली ठेवला.

"हे मी नाही म्हणणार."

मी म्हटलं, अगं, तुला फक्त वाचायचंय.

"ते माझ्याकडून शिकतील ना? मग हे मी नाही शिकवणार. दुसरं काहीतरी लिही."

हे लॉजिकल नाहीये, कारण उपयोगाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. समजावून पाहिलं. ती गॅसवर दूध आहे म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं. काका तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "राहू दे."

आता एकोणीस वाक्यं.

१ मार्च

मॅडमचा फोन होता. "रोज किती वेळ सराव होतो?" मी म्हटलं, तीन तास. त्या खूश. "वा! किती वाक्यं आली?"

खरं सांगितलं. दोन. "पंखा बंद कर" आणि "मला पाणी दे". त्यांनी मग विचारलं, "तीन तास काय करता मग?"

व्हिडिओ नीट करतो, म्हटलं. तयार झाला की काका सरावाला बसत नाही. दोन मिनिटं बघतो आणि चूक काढतो. मग मी ती दुरुस्त करते. मग तो पुढची काढतो.

"चूक काढतात म्हणजे? कशी?"

मी म्हटलं, तोंडाने. आणखी कशी काढणार?

त्या म्हणाल्या, "ठीक आहे. चालू ठेवा." आवाजावरून वाटलं की त्यांनी आशा सोडली.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "तुझी सेमिस्टर बुडवू नकोस. त्याला तक्ता आवडत नसेल तर फोनवर चित्रं देऊ." बाबांचं चुकत नाहीये. हेच जास्त लागतं. मीच चुकीच्या गोष्टीच्या मागे लागलेय का? माणसाला बोलायला शिकवायचं होतं आणि मी शंभरातल्या सतरा भागांसाठी भांडतेय.

६ मार्च

आज कडेलोट. "जेवायला वाढ" हे सातवं वाक्य. तीन दिवस घालवले होते त्यावर. "ज"चा काप मला बरोबर वाटत होता, त्याला नाही. मी म्हटलं, काका, हे सोड, आता नुसतं म्हण ना माझ्याबरोबर. जे-वा-य-ला.

तर माझ्यावर ओरडला! "तीन वेळा सांगितलं, ज कापू नको! ऐकत नाहीस. बहिरी आहेस का? बहिरी?"

मी लॅपटॉप बंद केला. म्हटलं, तुझ्यासाठीच करतेय ना मी? आणि निघून आले. काकू मागून हाका मारत होती, आणि तिचा आवाज अगदी आनंदी येत होता. कमाल आहे या बाईची. पुतणी रडत जातेय आणि हिला आनंद.

उद्या जाणार नाही. परवाही नाही. यादीतली वाक्यं: दोनाची दोन.

९ मार्च

सकाळी फोन वाजला. काकूचा नंबर. उचलला तर कोणीच बोलेना. नुसता श्वास. मी म्हटलं, काकू? काकू, काय झालं?

मग काकाचा आवाज. "पि… पिपाणी."

मला लहानपणापासून तो हेच म्हणतो, कारण मी सतत वाजत असते. नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा म्हणाला.

"हं, काका."

मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. "ये. ते… जेवायला. आवाज… अजून खाली आहे. शेवटी. ये."

मी म्हटलं, येते.

बघा ना. माफी वगैरे सोडा, फोन करून तक्रार! आणि शेवटी आवाज खाली आहे म्हणे, तो तर काकूचाच उतरतो वाक्याच्या शेवटी, त्यात माझा काय दोष? बूट घालतानाच मी ठरवून टाकलं की आज त्याला मूळ रेकॉर्डिंग ऐकवायचं आणि सिद्ध करायचं. आई म्हणाली, "रडतेस काय?" मी रडत नव्हते. मला सर्दी आहे.

१२ मार्च

मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं. शेवट मुळातच खाली आहे. तो हरला! हरल्यावर म्हणाला, "मग… तिला सांग. पुन्हा म्हण. शेवट… सोडू नको."

काकू म्हणाली, "मी जन्मभर असंच बोलत आलेय."

"म्हणून मला… कधी… ऐकू नाही आलं."

"काय ऐकू नाही आलं?"

"जेवायला ये."

काकू हसून हसून भिंतीला टेकली. मी म्हटलं, वेळ जातोय. सहा दिवस उरलेत.

१५ मार्च

एकोणीसचे एकोणीस व्हिडिओ पूर्ण. एकशे एकाहत्तर काप. प्रत्येकाच्या सुरुवातीचा सूर मोजला, सगळे चारशे चाळीस. काकाने "हं" दिलेले: सोळा. वादग्रस्त: तीन. यादीतली वाक्यं पाच. रोज तीन करून घेतली तरी फार तर अकरा होतील. होतील. उद्यापासून वाद बंद, फक्त सराव.

१८ मार्च

तपासणी. खोली साधी, टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घशाच्या आतल्या भागाचं चित्र. मी वही घेऊन कोपऱ्यात. काकू काकाशेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मॅडम एकेक चित्र दाखवायच्या आणि वाक्य यायची वाट बघायच्या. "मला पाणी दे" आलं. "पंखा बंद कर" आलं. "जेवायला वाढ" आलं, "ज" एकदम स्वच्छ. मग घोटाळा. "चष्मा कुठे आहे"चं "चष्मा ते… ते" झालं. घाम फुटला त्याला. मला तर आधीच फुटला होता. शेवटी वीसपैकी सहा. सहा! अठरावं तर आम्ही शिकवलंच नव्हतं.

मॅडम कागदावर आकडा लिहायला लागल्या. मी बसल्या जागी विरघळत होते. म्हटलं, मॅडम, व्हिडिओ तरी बघा एकदा, इतकं केलंय. पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी मोठ्या दयेने तिथल्या जुन्या कम्प्युटरला लावला. तर त्या कम्प्युटरवर कोणीतरी वेग वाढवून ठेवला होता आणि तो प्लेयर इतका जुना की वेगाबरोबर पट्टीही वर जाते. काकू चिवचिवायला लागली.

मी उठणार तेवढ्यात काका म्हणाला, "थांबवा. वेग चुकलाय. हा आवाज… माझ्या बायकोचा नाही."

मॅडमचं पेन थांबलं. त्या कम्प्युटरकडे वळल्याच नाहीत. काकाकडे बघून म्हणाल्या, "असं? मग त्यांचा आवाज कसा आहे?"

"जरा… जाड." मग त्याने स्वतःच्या घशावर हात फिरवला. "सकाळी खरखरीत. चहा झाला की… मोकळा होतो. रागावली की… शेवट खातात. ती. खाते. मला चाळीस वर्षं… शेवट ऐकू आला नाही."

काकू खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर पार्किंग होतं फक्त.

मॅडमनी आणखी विचारलं, हे व्हिडिओ कसे केले, चूक कशी सापडली, आणि काका सांगत गेला. अडकत, "ते ते" करत, हात हलवत. फोर्कचं सांगितलं, दोरीचं गणितही सांगितलं (ते माझं होतं!), आणि "ही पिपाणी… हुशार आहे, पण ऐकत नाही" असंही. पंधरा-वीस मिनिटं चाललं होतं. मला सारखी भीती की मूळ तपासणीची वेळ संपतेय.

शेवटी मॅडमनी कागदावरचा सहा खोडला. म्हणाल्या, "तक्ता परत द्या मला. आणखी तीन महिने शब्दांचाच सराव." मी म्हटलं, पण दहा झाली नाहीत. त्या म्हणाल्या, "मी चुकीचं मोजत होते." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्हिडिओ असेच करत राहा. फक्त एक, ते बघताना तू शेजारीच बस. उठून जाऊ नकोस."

अर्थात. मी नसले तर प्ले कोण करणार?

मला वाटतं माझ्या कापांची क्वालिटी त्यांना पटली. एवढ्या अचूक पट्टीचा परिणाम होतोच. फक्त तक्ता परत देताना जरा पंचाईत झाली, कारण त्याच्या मागच्या बाजूला चहाच्या कपाचे गोल होते. वीस-पंचवीस तरी.

२१ मार्च

नवीन यादी सुरू. मॅडम म्हणाल्या, या वेळी वाक्यं काकांनी स्वतः निवडायची. पहिलंच वाक्य त्याने निवडलं: "तू बस, मी बघतो." काकूने ते एका टेकमध्ये म्हटलं, शेवट न खाता. मी आता यात इतकी तयार झालेय की दोन तासांत काम झालं. सूर मोजला: चारशे चाळीस. दशांशानंतरही शून्य. ओठ आणि आवाज, एका फ्रेमचाही फरक नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक काम.

काकाने डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "जरा खाली आहे."

मी आकडा दाखवला. त्याने आकड्याकडे पाहिलंच नाही. "यंत्राला काय कळतंय? मी सांगतो ना. बस. पहिल्यापासून लाव. त्या 'बस' मधला अ बघ… नाही, आधी चहा घे, मग बघ."

मी घरी आले आणि काहीही न बदलता तीच फाईल दुसरं नाव देऊन ठेवली. संध्याकाळी पुन्हा जाऊन तीच लावली. तो म्हणाला, "आता जरा वर गेलाय." आणि मग तासभर, स्टुडिओतल्या जुन्या मशीनमुळे पट्टी कशी सरकायची, एकदा एका गायिकेचा आवाज टेपवर चढा झाला तर ती स्वतःच त्यावर कशी खूश झाली, सगळं सांगत बसला. काकू बाजूला भाजी निवडत "हो, आणि मग?" म्हणत होती. तिला सगळं माहीत असणार, तरी.

मी तीन वेळा मोजलंय. फाईल बरोबर आहे, यात शंकाच नाही. ज्या माणसाला गुळण्या ऐकू आल्या, फुटलेला प ऐकू आला, दीड पट्टी खाली असलेली कळली, त्याला एकच आवाज सकाळी खाली आणि संध्याकाळी वर वाटतोय. म्हणजे त्याचा कान गेला का? शब्द परत येतायत आणि कान चाललाय, असं होतं का कधी? त्याला सांगितलं तर तो खचेल. नाही सांगितलं तर रोज बरोबर असलेल्या गोष्टीवर तास-तास बोलत बसणार.

उद्या चार वाजता बोलावलंय, "वर गेलेलं" खाली आणायला. जाणार तर आहेच मी. पण हे कधी कोणी वाचलंच, तर मला खरंखरं सांगा: तुम्ही माझ्या जागी असता तर तो आकडा त्याच्यासमोर धरला असता, की गप्प बसून पुन्हा पहिल्यापासून लावलं असतं?